रेझेक्नेतला पाटकरी

सकाळी सात वाजता नेड्रा थर्गुड नवऱ्याचे कपडे पलंगावर मांडून ठेवी, ज्या क्रमाने अंगावर चढवायचे त्याच क्रमाने. आधी आतले लोकरीचे, मग पांढरा शर्ट, पँट, टाय, स्वेटर आणि शेवटी कोट. कोटाच्या छातीवर काळी पाटी असे, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एल्डर थर्गुड’. मोजे ती बुटांच्या आत कोंबून ठेवी, म्हणजे ते काढल्याशिवाय पाय आत जायचेच नाहीत. ही युक्ती तिला डिसेंबरात सुचली. त्याआधी एकदा आर्वेल मोज्यांशिवायच बूट घालून निघाला होता, आणि तिला ते कळलं दोन तासांनी, बर्फातून घरी परत आल्यावर.

मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठोकलेला थर्मामीटर पाही. उणे एकोणीस. आकडा वाचून ती लापशीखालची आच बारीक करी. पहिल्या हिवाळ्यात हे आकडे तिने घरी मुलींना मोठ्या कौतुकाने कळवले होते. हा दुसरा हिवाळा. आता थंडी किती आहे हे तिला त्या काचेच्या नळीवरूनच समजायचं, अंगाला काही समजायचं नाही.

आर्वेल त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि नेड्रा एकोणसत्तर. आयडाहोतल्या बटाट्यांच्या मुलखातली माणसं. आर्वेल एकतीस वर्षं तिथल्या कालव्याचा पाटकरी होता. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, किती वेळ, कुठलं दार किती बोटं उचलायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. भांडखोर शेतकरीसुद्धा त्याच्या घड्याळावर विश्वास ठेवत. नेड्राने शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढली. पाच मुलं वाढवली. त्यांचं गाव जवळजवळ सगळंच मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं, आणि मुलं मार्गी लागली की नवरा-बायकोने अर्ज करून, चर्च पाठवील तिथे दीड वर्षं सेवेला जायचं, ही गावातली रीतच होती. अशा सेवेत पुरुषाला ‘एल्डर’ म्हणत, बाईला ‘सिस्टर’. कुणी फिलिपाइन्सला गेलं, कुणी पेरूला. थर्गुडांच्या पत्रात लात्व्हिया निघालं. राजधानी रीगात तीन दिवस, आणि मग रशियाच्या सीमेकडलं हे रेझेक्ने.

इथे चर्च म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि रविवारी अकरा माणसं. हवा बरी असली तर चौदा. नेड्रा विजेवरचा छोटा ऑर्गन वाजवी. मंगळवारी आजारी माणसांकडे जायचं, बुधवारी इंग्रजीचा वर्ग, गुरुवारी आसपासच्या गावांतून तरुण सेवकांच्या खोल्या तपासायच्या, शुक्रवारी पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा आणि देणगीत आलेले कोट मापांप्रमाणे लावायचे. सोमवारी मुलींशी व्हिडिओवर बोलायचं. आठवडा असा ठोकून बसवलेला होता, आणि नेड्राला तो तसाच हवा होता. एप्रिलमध्ये दीड वर्ष भरणार होतं. फेब्रुवारी उजाडला होता. दोन महिने उरले होते.

ते दोन महिने ढकलायचे होते, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

ऑक्टोबरपासून आर्वेलचं विसरणं वाढलं होतं. आधी एकदा ल्युड्झाच्या रस्त्यावर आर्वेलने गाडी थांबवली आणि तो नुसता बसून राहिला. नेड्राने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. फाटा कुठला ते बघतोय." त्या दिवसापासून गाडी ती चालवू लागली. तरुण सेवकांच्या खोल्या तपासताना त्याने एकाच शेगडीची बटणं दोनदा पाहिली, मग तिसऱ्यांदा पाहायला निघाला, तेव्हा तिने त्याच्या हातात झाडू दिला. आठवड्याचा अहवाल ती लिहू लागली, खाली सही तेवढी त्याची. रीगाहून या सेवेवर देखरेख ठेवणाऱ्या मिशन अध्यक्षांचा फोन आला की ती शेजारी बसून कागदावर उत्तरं लिहून पुढे सरकवी. मुलींशी बोलताना तो फार वेळ गप्प राहिला की ती कॅमेरा स्वतःकडे वळवून म्हणे, "बाबांचं लक्ष खिडकीकडे आहे. बर्फ पडतोय ना."

प्रार्थना मात्र त्याच्याकडून कधी अडली नाही. मान खाली घातली, हात बांधले की शब्द आपोआप येत, स्वच्छ, एकामागून एक. ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. नेड्रा त्याच्या शेजारी डोळे मिटून बसे आणि त्याची प्रार्थना संपल्यावर आता काय करायचं आहे त्याचा विचार करी. तिची स्वतःची प्रार्थना कधी बंद पडली ते तिला आठवत नव्हतं. गुडघे टेकायची, तितका वेळ मोजायची, उठायची.

बुधवारच्या वर्गाला आठ-नऊ जण येत. त्यांत चर्चचे तिघंच, बाकीचे फुकट इंग्रजीसाठी. पहिल्या बाकावर गेनोवेफा बसे. वय एक्याऐंशी, पक्की कॅथलिक, आणि चाळीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवलेली. सोव्हिएत काळात शिकवलं, त्यामुळे इंग्रज माणूस पहिल्यांदा पाहिला तो पंचावन्नाव्या वर्षी, आणि तोही दात काढून घ्यायला स्वस्त पडतं म्हणून आलेला.

"मी इथे तुमचा देव घ्यायला येत नाही," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "माझ्याकडे आहे एक. तुमचे उच्चार ऐकायला येते. तुम्ही लोक 'ट' कुठे गिळता ते मला बघायचंय."

वर्ग चालवायचा नेड्रानेच, पण आर्वेलला काहीतरी द्यायला हवं म्हणून ती शेवटची वीस मिनिटं त्याला गोष्ट सांगायला उभं करी. तो एकच गोष्ट सांगे. एका जूनमध्ये भर दुपारी कालव्याचा काठ फुटला. पाणी खालच्या गावाच्या दिशेने निघालं. मातीच्या गोण्या आणायला वेळ नव्हता. तेव्हा आर्वेलने आणि शेजारच्या लॅमारने लॅमारचा जुना ट्रक सरळ त्या भगदाडात घातला आणि वर माती ओढली. "लॅमार बायकोला काय सांगणार याच काळजीत होता," आर्वेल म्हणे, आणि हसे. सगळे हसत. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. पुन्हा जून, पुन्हा लॅमार, पुन्हा हसू.

नेड्राला वाटे, यांना इंग्रजी कुठे इतकं कळतंय. त्यांना दर वेळी नवीनच वाटत असेल.

तो शुक्रवार होता. सकाळचे साडेअकरा. आर्वेल दुकानामागच्या पायऱ्यांवर फावड्याने बर्फ ओढत होता. हे काम त्याला येत होतं. हातांना माहीत होतं. नेड्राला पोस्टातून एक खोकं आणायचं होतं. गेले कित्येक शुक्रवार ती त्याला असाच ठेवून जायची, अर्धा-पाऊण तास, आणि परत येईपर्यंत तो पायऱ्यांवर असायचा. कधी जरा धापा टाकत, गाल लाल. त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं.

"मी आले हं," ती म्हणाली. "इथून हलू नकोस."

"मी कुठे जातोय?" तो म्हणाला.

पोस्टात रांग होती. परत यायला पन्नास मिनिटं लागली. फावडं बर्फात उभं रोवलेलं होतं. हातमोजे दांड्यावर अडकवलेले. आर्वेल नव्हता.

ती वर गेली, दोन्ही खोल्या पाहिल्या. खाली दुकानात विचारलं. दुकानदारीण म्हणाली, "नाही बाई, इथे नाही आले." नेड्रा रस्त्यावर उभी राहिली. उजवीकडे बसथांबा, डावीकडे पूल. कुठल्या बाजूला जायचं हे ठरवायचं होतं, आणि ती नुसती खोकं हातात धरून उभी होती. भीतीही वाटत नव्हती. आणि तेवढ्यात तिच्या मनात एक विचार आला, अगदी साधा, वाण्याच्या यादीतल्यासारखा : तो सापडला नाही, तर रविवारी शर्टाला इस्त्री करावी लागणार नाही.

आपण असा विचार केला, हे तिला कळलं. त्याचंही काही वाटलं नाही. तिने खोकं पायरीवर ठेवलं आणि ओल्गेर्ट्सला फोन लावला.

ओल्गेर्ट्स वुत्सान्स हा रेझेक्नेच्या त्या अकरा माणसांचा प्रमुख. शहराच्या घराघरांत गरम पाणी पोचवणाऱ्या बॉयलरघरात पाळीने काम करायचा. पाच मिनिटांत तो कामाच्या कपड्यांतच आला, गाडीत शेजारी गेनोवेफा. ती रस्त्यात बाजाराच्या पिशव्या घेऊन चालली होती, त्याने सांगितल्यावर पिशव्यांसकट आत बसली होती.

"पोलिसांना कळवलंय," ओल्गेर्ट्स म्हणाला. "आता गल्ल्या बघू. सिस्टर, त्यांच्या अंगावर काय आहे?"

"कोट आहे. हातमोजे नाहीत."

"टोपी?"

नेड्राने आठवायचा प्रयत्न केला. सकाळी टोपी तिनेच त्याच्या डोक्यावर घातली होती, पण ती आजची सकाळ की कालची, हे सांगता येईना.

"गल्ल्या कशाला बघताय?" गेनोवेफा मागच्या सीटवरून म्हणाली. "या गावात पाणी कुठे आहे?"

दोघं तिच्याकडे बघू लागली.

"तो माणूस तीन महिने मला फक्त पाण्याची गोष्ट सांगतोय," ती म्हणाली. "बसथांब्यावर कशाला जाईल? तळ्याकडे घ्या गाडी."

गावाच्या मध्यावरच तळं आहे. हिवाळ्यात ते गोठलं की त्यावर म्हातारे मासेमार एकेक पेटी टाकून बसतात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि बोटभर मासे धरत दिवस काढतात. काठावरून नेड्राला पाच-सहा काळे ठिपके दिसले. त्यांतला एक पेटीवर बसला होता. पेटीवर बसायची त्याची तऱ्हा, गुडघे लांब, पाठ ताठ, तिने दोनशे पावलांवरून ओळखली.

ती बर्फावरून चालत गेली. पळाली नाही. ओल्गेर्ट्स पळाला.

आर्वेलच्या अंगावर कुणाचा तरी मेंढीच्या कातड्याचा कोट होता, डोक्यावर कान झाकणारी टोपी आणि हातांवर कुणाचे तरी जाडजूड हातमोजे. हातात थर्मासचं झाकण, त्यातून वाफ निघत होती. शेजारी डोनाट्स नावाचा एक लालबुंद म्हातारा दुसऱ्या पेटीवर बसला होता.

"आली का मालकीण?" डोनाट्स आपल्या बोलीत म्हणाला. "आज उशीर झाला त्यांना परतायला. आम्ही म्हटलं आता आजोबांना जेवायलाच घालावं लागतंय."

गेनोवेफा काठीच्या आधाराने मागून येत होती. तिने ते इंग्रजीत सांगितलं.

"आज म्हणजे?" नेड्राने विचारलं.

"दर शुक्रवारी येतात की!" डोनाट्स म्हणाला. "येतात, आमची भोकं मोजतात, आणि रागावतात. मला तर बोट नाचवून दम देतात. काय म्हणतात ते देवाला ठाऊक. मग आम्ही चहा देतो, आणि पेट्या नावाचा आमचा सोबती त्यांना परत पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडतो. आज पेट्या आला नाही, गुडघा धरलाय त्याचा. म्हटलं बसवून ठेवू, कुणीतरी शोधत येईलच."

आर्वेलने मान वर केली. नेड्राकडे बघितलं, ओळखीचं हसला.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "यांना सांग जरा. वरच्या अंगाला इतकी दारं उघडी ठेवली तर खालच्यांना काय मिळणार? सोरेन्सनच्या शेताची पाळी आहे उद्या. मी किती वेळा सांगितलं."

"सांगते," नेड्रा म्हणाली.

"आणि पाणी किती गार आहे बघ. जूनमध्ये एवढं गार?"

"हो. चल आता."

तो उठला. डोनाट्सचा कोट परत द्यायला लागला तर डोनाट्सने हात हलवला. "राहू द्या, राहू द्या. घरी पोचल्यावर पाठवा." मग नेड्राच्या तोंडाकडे क्षणभर बघून त्याने थर्मासातला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. ती चहा पीत नसे. त्यांच्या धर्मात चहा वर्ज्य. तिने सगळा प्यायला. जीभ पोळली असावी, कारण संध्याकाळी तिच्यावर फोड होता. त्या वेळी काही कळलं नाही.

ओल्गेर्ट्सने त्यांना त्यांच्या घरी न सोडता आपल्याकडे नेलं. त्याच्या बायकोने बिटाचं सूप गरम केलं, काळ्या पावाच्या जाड फोडी कापल्या. आर्वेलने दोन वाट्या खाल्ल्या आणि आतल्या खोलीत कोचावर झोपी गेला. डॉक्टर येऊन बोटं बघून गेला. सगळी शाबूत होती. मग टेबलाशी चौघं उरली.

"सिस्टर," ओल्गेर्ट्स म्हणाला, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्यांचं. नाताळच्या आधीपासून. एकाच बाळाला त्यांनी दोनदा आशीर्वाद दिला. बाळाची आई म्हणाली, असू दे, जास्तच मिळाला."

नेड्राने चमचा खाली ठेवला. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना," गेनोवेफा म्हणाली. "वर्गाला तर नोव्हेंबरपासून. पहिल्या दोन वेळा आम्हाला वाटलं, ही अमेरिकन शिकवण्याची पद्धत असेल. तोच पाठ पुन्हा पुन्हा. मी तर मनात म्हटलं, वा, चांगली पद्धत आहे, यांची क्रियापदं पक्की होतायत. तिसऱ्या वेळी कळलं."

"मग कुणी बोललात का नाही?"

ओल्गेर्ट्सने बायकोकडे पाहिलं. बायकोने पावाचे तुकडे गोळा करत खांदे उडवले.

"तुम्ही इतकी मेहनत घेत होतात," तो शेवटी म्हणाला. "कागद सरकवत होतात, त्यांच्या आधी उत्तर देत होतात. तुम्हाला कळू नये असं वाटत होतं आम्हाला, की आम्हाला कळलंय."

नेड्रा टेबलाच्या मेणकापडावरच्या फुलांकडे बघत राहिली. चार महिने तिने जे एकटीने ओढलं होतं ते अकरा माणसं बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिला लाज वाटायला हवी होती. ती वाट बघत होती लाज येण्याची.

ओल्गेर्ट्स रीगाला फोन करायला बाहेर गेला. त्याची बायको भांडी घासायला उठली. गेनोवेफा आणि नेड्रा दोघीच राहिल्या. तेव्हा नेड्राने ते सांगितलं, जे तिने मुलींनाही सांगितलं नव्हतं.

"ऑक्टोबरपासून नाही," ती म्हणाली. "मला आधीपासून माहीत होतं. अर्ज करायच्या आधी. त्या वसंतात नव्या पाटकऱ्याला मदत म्हणून गेला होता, तर एकच पाळी त्याने दोन शेतांना दिली. आर्वेलने. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घरी येऊन गाडीतून उतरेचना. आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे तो अर्ज भरायचा होता. त्यात विचारलं होतं, विसरभोळेपणा, गोंधळ, असं काही दिसतं का. डॉक्टरने माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, नाही."

"का?"

"कारण तिथे सगळ्यांना माहीत आहे तो कसा होता. इथे कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, जिथे कुणी ओळखत नाही तिथे तो जसा आहे तसाच पुरेल. दीड वर्षं तरी. मी देवाच्या कामात खोटं बोलून आले, गेनोवेफा."

गेनोवेफाने पिशवीतून एक सफरचंद काढलं, खिशातला चाकू काढला, आणि साल काढू लागली. घाई नव्हती तिला.

"मिसेस थर्गुड," ती म्हणाली, "मी वीसेक वर्षं मुलांना पाचव्या धड्यात शिकवलं की आमच्या सामुदायिक शेतावर सगळे आनंदात आहेत. उत्तम इंग्रजीत शिकवलं. त्याच शेतावर माझा सख्खा भाऊ दारू पिऊन मेला. अर्ज सगळ्यांनीच भरलेत."

तिने सफरचंदाची फोड पुढे केली. नेड्राने ती खाल्ली.

"तुम्हाला रडायचं असेल तर रडा," गेनोवेफा म्हणाली. "मी तोपर्यंत खिडकीबाहेर बघते."

"येत नाही."

"मग नका रडू. सक्ती नाही."

मिशन अध्यक्ष स्वतः फोनवर आले. भला माणूस, आवाज चढवला नाही, की उगाच गोडही केला नाही. नेड्राने त्यांनाही अर्जाचं सांगून टाकलं.

"सिस्टर थर्गुड, घरी जा," ते म्हणाले. "तुमची सेवा पूर्ण झाली असंच मी लिहीन."

"दोन महिने राहिलेत."

"मला माहीत आहे."

मग मोठी मुलगी, मार्ला. तिकडे तेव्हा सकाळ होती. "आई, किती दिवसांपासून?" मार्लाने विचारलं. नेड्राने खरं सांगितलं. मार्ला आधी रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. "तू आम्हाला परकं केलंस," ती म्हणाली. नेड्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो." मार्लाला ते थंडपणाचं वाटलं असणार.

नऊ दिवसांत निघायचं ठरलं. त्या नऊ दिवसांत नेड्राने कोट मापांप्रमाणे लावून संपवले, ऑर्गन कुणाला तरी शिकवायला हवा म्हणून ओल्गेर्ट्सच्या बायकोला तीन सोपी गाणी बोटावर बसवून दिली, आणि डोनाट्सचा कोट स्वच्छ करून परत केला. डोनाट्सने त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा धुरावलेले मासे पाठवले.

शेवटच्या रविवारी खोलीत तेवीस माणसं होती. बुधवारचा वर्ग सगळा आला होता. गेनोवेफा आपल्या चर्चमधली सकाळची उपासना आटोपून आली, हॅट घालून सगळ्यांत मागे बसली आणि सवयीने छातीवर क्रूस काढला. कुणी लोणच्याची बरणी आणली होती, कुणी नक्षीचे हातमोजे. डोनाट्स आला नाही, पण त्याचा सोबती पेट्या आला. गुडघा बरा झाला होता.

शेवटची प्रार्थना आर्वेलने करावी असं ओल्गेर्ट्सने सुचवलं. नेड्राने मान हलवली, नको म्हणून. ओल्गेर्ट्सने तिकडे न बघितल्यासारखं केलं.

आर्वेल उभा राहिला. हात बांधले, मान झुकवली.

"स्वर्गातल्या बापा," तो म्हणाला, आणि मग शब्द येत गेले. आजाऱ्यांसाठी मागितलं, दूर गेलेल्या मुलांसाठी मागितलं, या घरासाठी, या गावासाठी. मधेच तो म्हणाला, "आणि वरच्या शेतांनी खालच्यांची आठवण ठेवावी. ज्याची पाळी शेवटी आहे त्याच्यापर्यंतही पाणी पोचावं. कुणी दार बंद करायला विसरला असेल तर त्याला रागावू नकोस." आणि पुन्हा नेहमीच्या वाक्यांकडे वळून त्याने आमेन म्हटलं.

ओल्गेर्ट्सने एकेक वाक्य लात्व्हियनमध्ये सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, काही न गाळता. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. नेड्रा ऑर्गनपाशी बसली होती. आता शेवटचं गाणं वाजवायचं होतं. तिने पट्ट्यांवर बोटं ठेवली, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, एकही चूक न करता.

आयडाहोत ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचले. विमानतळावर पाचही मुलं आली होती, नातवंडांनी फलक धरले होते. आर्वेलला एवढी माणसं बघून आनंद झाला. त्याने सगळ्यांशी हात मिळवले आणि प्रत्येकाला विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

मुलांची बैठक झाली. कुणाचं मत वृद्धाश्रम, कुणाचं मत आईकडेच राहू दे, आपण पाळ्या लावू. मार्ला महिनाभर आईशी कामापुरतं बोलत होती. मग एक दिवस ती आली, भांड्याच्या कपाटातलं सगळं काढून पुन्हा लावू लागली, आणि पाठमोरीच म्हणाली, "आई, तू तिथे एकटी काय करत होतीस गं?" नेड्राने कपड्यांच्या क्रमापासून मोज्यांपर्यंत सगळं सांगितलं. मार्ला ऐकत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सातला येऊ लागली.

मे महिन्यात चर्चमधल्या आयलीन नावाच्या बाईने विचारलं, "नेड्रा, काही मदत हवी का?" हा प्रश्न तिथे सगळेच सगळ्यांना विचारतात, आणि उत्तर ठरलेलं असतं. नेड्राच्या ओठांवर ते उत्तर आलंही होतं. ती म्हणाली, "हो. मंगळवारी सकाळी दोन तास त्याच्यापाशी बसशील?"

आयलीनला बहुधा ते अपेक्षित नव्हतं, पण ती मंगळवारी विणकाम घेऊन वेळेवर आली.

नेड्रा गाडी घेऊन बाहेर पडली. कुठे जायचं हे तिने ठरवलं नव्हतं. बाजारापुढच्या मोकळ्या जागेत गाडी लावली आणि काच थोडी खाली घेतली. माणसं ढकलगाड्या ढकलत येत-जात होती. ऊन होतं. ती दोन तास तशीच बसली, काही विकत घेतलं नाही, कुणाला फोन केला नाही, आणि वेळ झाल्यावर घरी गेली. पुढच्या मंगळवारीही तिने तेच केलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी बसल्या जागी तिला झोप लागली, आणि ती इतकी गाढ झोपली की एका बाईने काळजीने काचेवर टकटक केलं. नेड्राने डोळे उघडले. मानेत उसण भरली होती, आणि ती चांगलीच जाणवत होती. ती मान चोळत त्या बाईला म्हणाली, "ठीक आहे मी. दमलेय फक्त." आणि बाई गेल्यावरही ती बराच वेळ मान चोळत बसून राहिली.